आधी बाहेर, मग आत : हॉकीतील खेळाडू-बदलाचे नियम आणि गणित

पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शालेय मुलांचा सामना पाहत होतो, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारले, "अहो, तो सात नंबरचा मुलगा मघाशी बाहेर गेला होता ना? मग परत कसा आला? आणि पंचांनी साधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही!" त्यांचा नातू खेळत होता आणि त्या हॉकीचा सामना पहिल्यांदाच पाहत होत्या. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही आणि क्रिकेटमध्ये एरवीच्या बदली क्षेत्ररक्षकाला गोलंदाजी करता येत नाही, हे दूरचित्रवाणीवर पाहून ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना हॉकीतील ही सततची ये-जा गोंधळाची वाटणे अगदी स्वाभाविक आहे. काकूंना मी त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले, परंतु गेली काही वर्षे संघ-व्यवस्थापक म्हणून बाकावर बसत असल्यामुळे हे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही, हे मला ठाऊक होते. ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

मूळ नियम मात्र सोपा आहे. मैदानावर एका संघाचे जास्तीत जास्त ११ खेळाडू असतात आणि उरलेले बाकावर बसतात. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यासाठी १६ जणांचा संघ असतो, म्हणजे बाकावर पाच. या बाकावरच्या खेळाडूंपैकी कोणीही, केव्हाही, कितीही वेळा आत येऊ शकतो, आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा कितीही वेळा परतू शकतो. एका वेळी एकच बदलावा असेही बंधन नाही. दोघे, तिघे, हवे तर पाचही जण एकदम बदलता येतात. त्यासाठी खेळ थांबत नाही, घड्याळ थांबत नाही आणि पंचांची परवानगी मागावी लागत नाही. चेंडू खेळात असताना, प्रतिस्पर्धी चाल करत असतानासुद्धा बदल चालू राहतात. खेळाडू आणि प्रशिक्षक याला नुसते 'चेंज' किंवा 'रोलिंग सब' म्हणतात.

ही मुभा पूर्वीपासून नव्हती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, तेव्हा जे ११ जण मैदानात उतरले त्यांनीच शेवटपर्यंत खेळायचे, अशीच रीत होती. त्याच स्पर्धेत भारतीय संघाला आघाडीची फळी बळकट करण्याची गरज वाटली, तेव्हा अली दारा यांना भारतातून विमानाने बोलावून घ्यावे लागले आणि ते उपान्त्य सामन्याच्या सुमारास पोहोचले; त्या काळी बदली खेळाडू बाकावरून नव्हे, समुद्रापलीकडून येत असे. पुढे मर्यादित बदलांना परवानगी मिळाली, पण बाहेर गेलेला बाहेरच राहायचा. दरम्यान खेळाचे मैदानच बदलले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली. गवतावर चेंडू अडत होता, उडत होता, त्यामुळे खेळाडूला श्वास घ्यायला आपोआप फुरसत मिळत होती. टर्फवर तो सरळ आणि वेगाने धावू लागला, आणि त्याच्यामागे माणसांनाही धावावे लागले. १९९० च्या दशकात एकीकडे अमर्याद बदलांची पद्धत रूढ झाली आणि दुसरीकडे ऑफसाइडचा नियम रद्द झाला, त्यामुळे आघाडीपटू आणि बचावपटू या दोघांनाही मैदानाची सगळी लांबी व्यापावी लागू लागली. आमच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द १९८९ ते २००४ अशी झाली. म्हणजे हा सगळा बदल एका माणसाच्या खेळण्याच्या वर्षांत मावतो. आज सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांत होतो आणि त्या ६० मिनिटांत एखादा आघाडीपटू सलग खेळला तर शेवटच्या सत्रात तो मैदानावर असून नसल्यासारखा होईल. म्हणून बदल ही आता जखमी किंवा निष्प्रभ खेळाडूसाठी केलेली सोय राहिलेली नाही. पास देणे किंवा चेंडू अडवणे हा जसा खेळाचा भाग आहे, तसाच बदल हाही आहे.

आता बदल होतो कसा, ते पाहू. मैदानाच्या एका बाजूला, मध्यरेषेजवळ तांत्रिक अधिकाऱ्यांचे टेबल असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन संघांचे बाक असतात. मध्यरेषेपासून दोन्हीकडे तीन-तीन मीटरच्या आत, त्याच ठरलेल्या बाजूने खेळाडूने बाहेर यायचे आणि तिथूनच दुसऱ्याने आत जायचे. हाच संघाचा दरवाजा समजावा. या दरवाजाचा एकच कडक नियम आहे : आधी बाहेर, मग आत. जाणारा रेषा ओलांडून बाहेर आला, की मगच येणाऱ्याने पाऊल टाकायचे.

मराठी माणसाला हे समजावायला खो-खोइतके चांगले उदाहरण नाही, आणि १९१४ साली डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाची नियमावली तयार करण्याचे काम हाती घेतले, त्या खेळाचे उदाहरण पुण्यात द्यायला संकोचही नको. खो-खोमध्ये दमलेला किंवा चुकीच्या दिशेला असलेला पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या साथीदाराला खो देतो, स्वतः त्याच्या जागी बसतो आणि ताज्या दमाचा माणूस पुढे धावतो. पाठलाग मात्र क्षणभरही थांबत नाही. आणि खो मिळण्यापूर्वीच बसलेला उठला, तर तो नियमभंग ठरतो. हॉकीचा बदल नेमका असाच आहे. फरक इतकाच, की खो-खोमध्ये साथीदार हाताच्या अंतरावर बसलेला असतो, आणि हॉकीत तो बराच लांब असू शकतो.

किती लांब, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. दरवाजा मध्यरेषेजवळ, म्हणजे कोणत्याही कोपऱ्यापासून निदान ४५ मीटरवर. बाकाच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यात असलेल्या विंगरला बाहेर यायचे असेल, तर त्याला तिरके जवळजवळ ७१ मीटर यावे लागते. तो बऱ्यापैकी वेगाने धावत आला तरी १२ ते १५ सेकंद जातात, आणि रमतगमत चालत आला तर पाऊण मिनिटसुद्धा जाते. कागदावर या काळात संघाचे ११ जण मैदानावर असतात, पण प्रत्यक्षात दहाच खेळत असतात, कारण अकरावा दरवाजाकडे निघालेला असतो आणि त्याची जागा रिकामी असते. म्हणूनच प्रशिक्षक मुलांना सांगून सांगून थकतात, की बाहेर येताना आत जाण्यापेक्षा जोरात धावा. दम टिकवायचा म्हणून चालत बाहेर येणारा मुलगा स्वतःचा दम वाचवतो आणि इतर दहा जणांचा खर्च करतो, असे मला मनापासून वाटते, आणि मुलांना ते पटवून देणे हे बाकावरच्या माणसाचे पहिले काम आहे.

याच दरवाजापाशी माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. एका स्पर्धेत आमचा मधल्या फळीतला मुलगा मान डोलावून आमच्याकडे वळला, म्हणून मी बदली मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला "जा" म्हटले. तेवढ्यात चेंडू त्या बाहेर येणाऱ्या मुलाच्याच काठीवर आला. तो साहजिकच थांबला, चेंडू घेतला आणि पुढे निघाला. सहा-सात सेकंद आमचे बारा जण मैदानावर होते. टेबलावरून भोंगा वाजला, घड्याळ थांबले आणि पंचांनी कार्ड दाखवले ते आमच्या कर्णधाराला. तो मुलगा बचावाच्या टोकाला उभा होता, त्याला यातले काहीही माहीत नव्हते, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला अजून आठवतो. नियम असा आहे, की आपल्या संघाचे बदल नीट होतात की नाही याची जबाबदारी कर्णधाराची असते. म्हणून मैदानावर जास्त खेळाडू आढळले, तर व्यक्तिगत शिक्षा त्यालाच होते. हिरव्या कार्डाची दोन मिनिटे आम्ही दहा जणांनिशी काढली. तेव्हापासून जाणाऱ्याचे दोन्ही पाय रेषेबाहेर पडलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी येणाऱ्याच्या पाठीवरचा हात काढत नाही.

कोणी किती वेळ खेळायचे, हे गणित सामन्यापूर्वी मांडले जाते. गोलरक्षक सोडला तर मैदानावर दहा जागा असतात. ६० मिनिटांच्या सामन्यात म्हणजे ६०० 'खेळाडू-मिनिटे' भरायची असतात. १६ जणांच्या संघात एकच गोलरक्षक ठेवला तर ही मिनिटे १५ जणांत वाटली जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४० मिनिटे येतात. दोन गोलरक्षक ठेवले तर १४ जणांत सुमारे ४३ मिनिटे. परंतु सरासरीने कोणी खेळत नाही. मधला बचावपटू तुलनेने कमी धावतो, सतत बोलून सगळ्यांना जागा दाखवतो, आणि त्याला हलवले तर पूर्ण रचना हलते. म्हणून तो ५० मिनिटे किंवा त्याहून अधिक खेळतो. आघाडीच्या फळीचे काम उलट असते. प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंवर झेप घ्यायची, चेंडू गेला तर वळून मागे धावायचे, पुन्हा पुढे धावायचे. ही धाव साधारण पाच-सहा मिनिटांनंतर बोथट होऊ लागते. म्हणून आघाडीपटू थोडा वेळ जीव तोडून खेळतात, दोन-तीन मिनिटे बसतात आणि पुन्हा जातात. श्वास पूर्ण फुलून पाय जड होण्यापूर्वीच बाहेर यायचे, हे यातले मर्म आहे, कारण थोडासा दमलेला खेळाडू दोन मिनिटांत सावरतो आणि पूर्ण दमलेल्याला सावरायला सत्र संपावे लागते. नव्या मुलांना बाहेर बोलावले की आपण वाईट खेळलो असे वाटून ते हिरमुसतात. हा त्यांचा गैरसमज पालकांनीही दूर करायला हवा.

बाकावर हे कसे दिसते, तेही सांगतो. प्रशिक्षकाच्या हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद असतो. त्यावर बचाव, मधली फळी आणि आघाडी असे तीन उभे रकाने, प्रत्येक नावापुढे आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ. शेजारी एक जण स्टॉपवॉच घेऊन बसतो. "चौदा, तयार हो," असे म्हटले की चौदा नंबरचा मुलगा वर घातलेले जाळीचे जॅकेट काढतो, तोंडात माउथगार्ड बसवतो, नडगीचे गार्ड चाचपतो आणि रेषेजवळ जाऊन उभा राहतो. बाहेर येणारा धावत येतो, दोघांचे तळवे एकमेकांना लागतात आणि त्या क्षणात जाणारा एवढेच सांगतो, "आठ नंबर तुझा, डावीकडून निघतो." प्रशिक्षकाच्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी असते, कारण मैदानात गेल्या क्षणी आपण कोणाला अडवायचे हे ठाऊक नसलेला ताजा खेळाडू दमलेल्या पण जाणत्या खेळाडूपेक्षा धोक्याचा ठरतो.

बदल कधी करायचा, याबाबत लिखित नियम नाही, पण जाणकारांचा संकेत आहे. चेंडू आपल्या ताब्यात असावा, तो शक्यतो बाकापासून दूरच्या बाजूला नसावा, आणि प्रतिस्पर्धी मोकळ्या मैदानात सुटलेला नसावा. चेंडू गोलरेषेबाहेर गेला आणि आपल्याला १५ मीटरवरून फ्री हिट मिळाली, की दोन-तीन बदल एकदम होतात, ते याच कारणाने. सत्रांमधल्या विश्रांतीत तर सगळी फळीच बदलता येते.

आता त्या एका प्रसंगाकडे वळू, जिथे हा दरवाजा बंद होतो. तो म्हणजे पेनल्टी कॉर्नर, बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल आक्रमकांना गोलजवळ मिळणारी खास संधी. पंचांनी पेनल्टी कॉर्नर दिल्याच्या क्षणापासून तो पूर्ण होईपर्यंत दोन्ही संघांना एकही बदल करता येत नाही. एका कॉर्नरमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा मिळत गेला, तर तोवर बंदी वाढत जाते. चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकार भागाच्या, बाहेर पाच मीटरहून पुढे गेला, गोल झाला, आक्रमकांकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेला किंवा पेनल्टी स्ट्रोक दिला गेला, की कॉर्नर पूर्ण झाला असे धरतात आणि दरवाजा पुन्हा उघडतो. या काळात अपवाद एकच : बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक जखमी झाला किंवा निलंबित झाला, तर दुसरा गोलरक्षक आत येऊ शकतो. एखाद्या साध्या बचावपटूला चेंडू लागला आणि त्याला बाहेर न्यावे लागले, तर मात्र तो कॉर्नर संपेपर्यंत संघाला एक माणूस कमी घेऊनच उभे राहावे लागते.

या बंदीमागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. ती नसती, तर प्रत्येक संघाने ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने ड्रॅग-फ्लिक (चेंडू काठीने ओढत आणून गोलकडे भिरकावण्याचा फटका) मारणारा एक माणूस बाकावर बसवून ठेवला असता. ना त्याला धावावे लागले असते, ना कोणाला अडवावे लागले असते. शिट्टी वाजली की आत यायचे, फ्लिक मारायची आणि परत बसायचे. तसे झाले असते, तर हॉकीतला सर्वांत निर्णायक फटका हॉकी न खेळणाऱ्या माणसाच्या हाती गेला असता. बंदीमुळे ड्रॅग-फ्लिकरला आधी पूर्ण खेळाडू व्हावे लागते. म्हणूनच भारताच्या हरमनप्रीत सिंगसारखा फ्लिकर हा खंदा बचावपटूही असतो आणि बहुतांश वेळ मैदानावर राहतो. प्रशिक्षकाला यामुळे आणखी एक हिशेब ठेवावा लागतो : संघात दोन फ्लिकर असतील, तर ते दोघे एकाच वेळी बाकावर बसलेले असता कामा नयेत. हीच गोष्ट बचावाला लागू होते. कॉर्नरच्या वेळी गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाच जण उभे राहतात आणि त्यातला पहिला धावून जाणारा, ज्याला 'फर्स्ट रशर' म्हणतात, तो फ्लिकच्या थेट वाटेत जातो. हे धाडसाचे आणि सरावाचे काम आहे. तो नेमका विश्रांतीला बाहेर असेल, तर ४० सेकंदांच्या थांब्यात मुखवटा आणि गुडघ्याचे संरक्षण चढवून दुसऱ्या कोणाला तरी ते करावे लागते.

गोलरक्षकाचा दरवाजाही वेगळा असतो. जाड पॅड बांधून त्याने मध्यरेषेपर्यंत यावे, ही अपेक्षा नियम करत नाही. तो आपण राखत असलेल्या गोलजवळूनच आत-बाहेर करू शकतो. सामन्याच्या अखेरीस एका गोलने मागे असलेला संघ त्याला बाहेर काढून अकरावा मैदानी खेळाडू आणतो, हे आपण अनेकदा पाहतो. हा नवा खेळाडू मात्र मध्यरेषेजवळूनच येतो आणि २०१९ पासून त्याला गोलरक्षकाचे कोणतेही अधिकार नसतात. पाय लावून चेंडू अडवला तर तो साधा नियमभंग.

कार्डांचा आणि बदलांचा संबंध न समजल्यामुळे प्रेक्षकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. हिरव्या कार्डाला दोन मिनिटे, पिवळ्याला किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डाला उरलेला सगळा सामना खेळाडू बाहेर राहतो, आणि या निलंबित खेळाडूच्या जागी कोणालाही आत येता येत नाही. जागाच गोठते. निलंबन संपल्यावर मात्र त्यानेच आत गेले पाहिजे असे नाही. त्याच्याऐवजी ताजा खेळाडू थेट पाठवता येतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये घडले. ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले आणि उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. हरमनप्रीतने गोल केला, ब्रिटनने बरोबरी साधली, सामना १-१ असा सुटला आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशच्या बचावाच्या बळावर भारताने ४-२ अशी बाजी मारली. त्या संध्याकाळी अनेकांनी विचारले, की एक माणूस कमी असताना इतका वेळ ही मुले दमली कशी नाहीत? इथे बदलांचे गणित कामी येते. लाल कार्डाने मैदानावरची एक जागा गेली, पण बाकावरचे पाच जण तसेच राहिले. गोलरक्षक वगळता नऊ जागा आणि त्या भरायला १४ माणसे. म्हणजे प्रत्येकाला एरवीइतकीच, किंबहुना किंचित जास्त विश्रांती मिळणे शक्य होते. दहा जागांना १५ माणसे असताना एक जण दोन-तृतीयांश वेळ खेळतो. नऊ जागांना १४ असताना त्याहून थोडा कमी. टंचाई माणसांची नव्हती, मैदान व्यापण्याची होती. प्रत्येकाला आपली आणि शेजाऱ्याची अर्धी जागा सांभाळायची होती, म्हणजे मैदानावरचे प्रत्येक मिनिट जास्त महाग झाले होते, आणि म्हणून ती मिनिटे छोट्या छोट्या हप्त्यांत वाटून घेणे हाच मार्ग होता. अमर्याद बदलांची मुभा नसती, तर दहा जणांचा तो बचाव इतका वेळ टिकला असता असे मला वाटत नाही. खरी झळ दोन दिवसांनी बसली. रोहिदास यांच्यावर एका सामन्याची बंदी आली, जर्मनीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भारताकडे १६ ऐवजी १५ च खेळाडू होते, पेनल्टी कॉर्नरवरचा भरवशाचा फर्स्ट रशर त्यांत नव्हता, आणि तो सामना ३-२ असा हातचा गेला. पुढे स्पेनला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक मिळवले.

हा विषय निघाला की कोणीतरी बर्फावरच्या हॉकीबद्दल विचारतेच, कारण तिथे एकट्या-दुकट्याचा नव्हे तर फळीच्या फळीचा बदल होतो. आपल्याकडे लेह-लडाखमध्ये हा खेळ जिवाभावाने खेळला जातो आणि भारतीय महिलांनी २०२५ मध्ये आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवल्यापासून पुण्यातही त्याची चौकशी होऊ लागली आहे. तिथे एका वेळी सहा जण बर्फावर असतात : तीन आघाडीचे, दोन बचावाचे आणि एक गोलरक्षक. आघाडीच्या तिघांची मिळून एक 'लाइन', आपल्या भाषेत एक फळी. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये संघ १२ आघाडीपटूंच्या चार फळ्या आणि सहा बचावपटूंच्या तीन जोड्या घेऊन उतरतो. एक फळी बर्फावर जेमतेम ४५ सेकंद राहते! स्केटवरची ती धाव म्हणजे पूर्ण ताकदीची झेप असते, म्हणून दोन-तीन मिनिटे बसायचे, पाऊण मिनिट जीव ओतायचा आणि पुन्हा बसायचे, असे चक्र ६० मिनिटे चालते. खो-खोमध्ये बचाव करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, तसेच हे तिघे एकत्र सराव करतात, एकत्र आत जातात आणि एकमेकांच्या सवयी ओळखतात.

तिथला दरवाजा थोडा सैल आहे. जाणारा खेळाडू आपल्या बाकापासून सुमारे दीड मीटरच्या आत आला आणि खेळात भाग घेत नसला, की दुसरा कठड्यावरून उडी मारून आत येऊ शकतो. जाणारा पूर्ण बाहेर पडायलाच हवा असे नाही. या सवलतीमुळेच चुकाही जास्त होतात. जादा खेळाडूबद्दल शिक्षा दोन मिनिटांची असते, पण ती कर्णधाराला नव्हे, संघाला होते आणि संघातला कोणीही ती भोगू शकतो. १० मे १९७९ रोजी बॉस्टन आणि मॉन्ट्रियल यांच्यातल्या निर्णायक सातव्या सामन्यात बॉस्टन ४-३ ने पुढे असताना, तीन मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना, त्यांच्या बाजूने एक माणूस जास्त आढळला. त्या शिक्षेच्या काळात गी लाफ्लरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत मॉन्ट्रियल जिंकले. हातात आलेला सामना केवळ बाकावरच्या गोंधळामुळे गेला, म्हणून हा प्रसंग आजही तिथे सांगितला जातो.

बर्फावर आणखी दोन गोष्टी अशा आहेत, ज्या आपल्या हॉकीत नाहीत. खेळ थांबलेला असताना बदल करायचा झाला, तर पाहुण्या संघाने आधी आपली फळी ठरवायची आणि यजमानांनी ती पाहून आपली पाठवायची. समोर कोण आहे हे पाहून पत्ता टाकण्याचा हा हक्क यजमानांना मोठा लाभ देतो. दुसरी गोष्ट, दमलेल्या फळीने सुटकेसाठी चेंडूऐवजी वापरली जाणारी ती चकती आपल्या अर्ध्या भागातून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार भिरकावून दिली आणि त्यासाठी खेळ थांबला, तर त्या संघाला बदल करण्याची मनाई असते. दमलेल्यांनीच पुन्हा उभे राहायचे. आपल्या पेनल्टी कॉर्नरच्या बंदीशी हिचे नाते जवळचे आहे, कारण दोन्ही ठिकाणी बदलाची मुभा पळवाट म्हणून वापरता येऊ नये, हाच उद्देश आहे.

नेहरूनगरच्या त्या सामन्यात तिसरे सत्र संपत आले होते. काकूंचा नातू जॅकेट काढून, माउथगार्ड लावून मध्यरेषेजवळ उभा होता आणि त्याचा साथीदार पलीकडच्या बाजूने धावत येत होता. तेवढ्यात डीमध्ये कोणाच्या तरी पायाला चेंडू लागला आणि पंचांनी पेनल्टी कॉर्नरची खूण केली. टेबलावरच्या अधिकाऱ्याने हात आडवा धरला. धावत आलेला मुलगा रेषेच्या आतच थांबला, वळला आणि धापा टाकत परत डीकडे निघाला. नातू एक पाय पुढे, एक मागे, असा जागच्या जागी उभा. "आता का नाही सोडत त्याला?" काकूंनी विचारले. मी म्हटले, "कॉर्नर संपू द्या." फ्लिक गोलरक्षकाच्या पॅडवर आदळून डीच्या बाहेर लांब गेली, अधिकाऱ्याचा हात खाली आला, तो दमलेला मुलगा दुसऱ्यांदा रेषेकडे धावत आला, दोघांचे तळवे एकमेकांना लागले आणि नातू आत गेला. काकूंनी त्याच्या पायाकडे नव्हे, बाहेर येणाऱ्याच्या पायांकडे पाहिले होते.